गुंडीवरचा मुकुट

भोपाळहून सीहोरचा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा. बैरागढ मागे पडतं, फंदा लागतं, मग दोन्ही बाजूंना गव्हा-सोयाबीनची काळी शेतं आणि पुढे सीहोर. आपण त्या रस्त्यानं लग्नकार्याला जातो, नाहीतर इंदूरची गाडी धरलेली असते म्हणून जातो. पण हा रस्ता सव्वाशे वर्षं फौजांचा होता. १८१८ साली भोपाळ संस्थानानं इंग्रजांशी तह केला. त्यात सहाशे घोडेस्वार आणि चारशे पायदळ इंग्रजांच्या कामासाठी द्यायचं ठरलं. ही भोपाळ कंटिंजंट. तिचं ठाणं सीहोरला होतं आणि इंग्रजांचा पोलिटिकल एजंटही तिथेच राहायचा. म्हणजे बेगम भोपाळात आणि साहेब सीहोरात.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये या कंटिंजंटच्या शिपायांनी सीहोरला उठाव केला. वलीशाह आणि महावीर ही त्यांच्या पुढाऱ्यांची नावं. त्यांनी आपल्या राज्याला नाव दिलं ‘सिपाही बहादुर सरकार’. ते काही महिने टिकलं. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज सीहोरला आली आणि पकडलेल्या कितीतरी शिपायांना गोळ्या घालण्यात आल्या. हाच ह्यू रोज पुढे झाशीवर गेला. झाशी आपल्याला तोंडपाठ असते, सीहोर नसतं.

हे आधी सांगितलं, कारण या रस्त्यालगतच्या शेतात जुनी फौजी गुंडी सापडली तर ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द ‘सत्तावन’ हाच येणार.

आणि तसंच झालं. फंद्याच्या पुढे माझ्या नणंदेच्या सासरची शेती आहे. जमिनीत गेलेल्या जुन्या पाइपलाइनचा लोखंडी व्हॉल्व्ह सापडेना, म्हणून भाच्यानं धातू शोधायचं यंत्र आणलं. व्हॉल्व्ह दोन दिवसांत मिळाला, पण यंत्राचा नाद काही सुटला नाही. रब्बी निघालेली, रान मोकळं होतं. खिळे, बैलाच्या पायाची पत्री, बाटलीची बुचं असं करत करत एका संध्याकाळी हातभर खोलीवर ही गुंडी निघाली. भाच्याचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, त्यांनी ती तळहातावर घेतली आणि म्हणाले, “सत्तावनच्या शिपायाची आहे. ठेवून द्या देवघरात.”

देवघरापर्यंत गेली नाही, पण आमच्या महिला मंडळापर्यंत बातमी गेली. पंधरा ऑगस्टला ‘आपल्या परिसरातला स्वातंत्र्यलढा’ असं छोटं प्रदर्शन करायचं ठरलं होतं. गुंडी तिथे मांडायची आणि खाली लिहायचं : ‘सीहोरच्या हुतात्म्याच्या वर्दीवरील गुंडी, १८५७’. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहायचं तर आधी गुंडी वाचायला हवी.

गुंडी वाचायची म्हणजे पहिल्यांदा ती घासायची नाही. जाऊबाईंनी चिंच आणि मीठ काढून ठेवलं होतं, ते मी परत डब्यात टाकलं. आपल्याला पितळ लखलखीत बघायची सवय. पण शंभर वर्षं मातीत राहिलेल्या पितळेवरचा हिरवा कळंक काढताना आंबट वस्तू त्याच्याबरोबर मुलामा आणि बारीक अक्षरंही खाऊन टाकते. साधं स्वच्छ पाणी, कापूस आणि माती टोकरायला लाकडी दातकोरणं, एवढंच पुरे. अक्षरं वाचायला वरून उजेड पाडून चालत नाही. टॉर्च आडवी धरायची, म्हणजे उठावाची सावली पडते आणि न दिसणारं दिसू लागतं. फोनवर फोटो काढून मोठा केला की झालं.

“हाडाची तर नाही ना?” हा प्रश्न आपल्याकडे यायचाच, आणि तो अडाणीपणाचा मुळीच नाही. अठराव्या शतकात पुढे पातळ धातूचा पत्रा आणि मागे हाडाची चकती अशा गुंड्या असत. म्हणजे गुंडीची पाठ कशाची, यावरून काळाचा पहिला अंदाज बांधता येतो. आमची गुंडी पूर्ण पितळेची. पुढचा भाग फुगीर, मागे वेगळी सपाट पाठ, दोन्हींच्या कडा एकमेकींत दुमडून बसवलेल्या, करंजीची कड दुमडतात तशा. पाठीला तारेची कडी. अशी दोन तुकड्यांची पोकळ गुंडी इंग्लंडात १८१३ च्या सुमारास निघाली आणि पुढे फौजेत रुळली. त्याआधीच्या गुंड्या सहसा एकसंध चपट्या. तेव्हा १८१३ च्या आधीचा काळ इथेच बाद झाला. सत्तावन मात्र अजून शक्य होतं.

माप घ्यायला मी शिवणसाहित्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं मोजपट्टी लावायच्या आधीच सांगितलं, “चालीस लाइन.” गुंड्यांच्या धंद्यात एका इंचाच्या चाळीस ‘लाइन’ धरतात. आपल्या ब्लाउजची, शर्टाची बटणं अठरा-वीस लाइनची. चाळीस म्हणजे पुरा एक इंच. अंगरख्याच्या पुढच्या बाजूला किंवा जाड ओव्हरकोटाला लागणारं बटण.

आता दर्शनी बाजू. मधे ढाल, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा, वर मुकुट. हे इंग्लंडच्या राजघराण्याचं चिन्ह. पलटणीचा आकडा कुठेही नाही. हा नसलेला आकडाच फार बोलका आहे. ब्रिटिश फौजेत १७६७ साली हुकूम निघाला, की पायदळाच्या प्रत्येक पलटणीनं आपला क्रमांक गुंडीवर घालावा. त्यानंतर शंभर वर्षं गुंडीवरून शिपाई कुठल्या पलटणीचा ते कळायचं. १८७१ मध्ये साध्या शिपायांसाठी ही पद्धत बंद केली आणि बहुतेक पलटणींना एकच, राजचिन्हाची गुंडी दिली. सगळ्यांना सारखी, म्हणजे कोठारातून पुरवठा करायला सोपी. अधिकाऱ्यांच्या गुंड्या मात्र वेगळ्या राहिल्या. आमची गुंडी या १८७१ नंतरच्या सर्वसाधारण नमुन्याची. शिवाय सत्तावनपर्यंत इथे राज्य ईस्ट इंडिया कंपनीचं होतं. तिचं स्वतःचं चिन्ह होतं, पुढच्या पायांत मुकुट धरलेला उभा सिंह. कंपनीकडून फौज आणि राज्य राणीकडे गेलं ते १८५८ मध्ये.

सत्तावन इथे डळमळलं. मुकुटानं ते पुरतं पाडलं.

या मुकुटाची गोष्ट आपण बायकांनी जरा थांबून ऐकावी अशी आहे. ब्रिटिश गुंड्यांवर मुकुटाच्या दोन कमानी असतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या असतात, वरच्या गोळ्याच्या भारानं खचल्यासारख्या. राणी २२ जानेवारी १९०१ ला गेली आणि मुलगा गादीवर आला. त्यानं मुकुटाचा आकार बदलला. कमानी घुमटासारख्या फुगीर झाल्या, मधली खाच गेली. भोपाळकरणींना घुमट समजावून सांगायची गरज नाही, खिडकी उघडली की दिसतो. हा फुगीर ‘राजाचा मुकुट’ चार राजांच्या कारकिर्दीत, १९५२ पर्यंत चालला. मग एलिझाबेथ राणी आली आणि १९५३ पासून दबलेल्या कमानींचा मुकुट परत आला. २०२२ मध्ये चार्ल्स राजा झाला, त्यानं पुन्हा फुगीर मुकुट निवडला. म्हणजे दीडशे वर्षांत गादीवर बाई की पुरुष, ते नखाएवढ्या मुकुटाच्या कमानीवरून ओळखता येतं. आमच्या गुंडीवरचा मुकुट फुगीर आहे. गादीवर राजा होता. सत्तावनला तिथे राणी होती.

ढालीतही अशीच एक खूण असते. १८३७ च्या आधीच्या ब्रिटिश राजचिन्हात मोठ्या ढालीच्या मधोमध एक छोटी ढाल दिसते, ती जर्मनीतल्या हॅनोवर राज्याची. तोवर इंग्लंडचा राजा हॅनोवरचाही राजा असे. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली. इंग्लंडला बाई चालत होती, पण हॅनोवरच्या कायद्याला चालत नव्हती. तिथलं राज्य तिच्या काकाकडे गेलं आणि चिन्हातली छोटी ढाल पुसली गेली. पुराण्या गुंड्यांचा काळ ठरवणारे लोक भिंगातून ही छोटी ढाल आहे की नाही ते बघतात. ते खरं तर एका मुलीला नाकारलेल्या हक्काची खूण बघत असतात.

आणि त्या वेळी आपल्या भोपाळात काय चाललं होतं? १८१९ मध्ये नवाब नझर मोहम्मद खान वारला. त्याची विशीतही न पोचलेली बायको कुदसिया बेगम हिनं तान्ह्या मुलीच्या नावानं कारभार हातात घेतला आणि १८३७ पर्यंत चालवला. हॅनोवर व्हिक्टोरियाला नाही म्हणत होतं त्या वर्षापर्यंत भोपाळवर अठरा वर्षं एका बाईचं राज्य होऊन गेलं होतं. कुदसियाची मुलगी सिकंदर बेगम, तिची शाहजहान बेगम, तिची सुलतान जहाँ बेगम. मधली सात वर्षं सोडली तर १८१९ ते १९२६ भोपाळची गादी आईकडून मुलीकडे गेली. व्हिक्टोरिया गेली त्याच १९०१ मध्ये, जूनमध्ये, आपली शाहजहान बेगमही गेली. लंडनमध्ये मुकुट राणीकडून राजाकडे गेला, म्हणून गुंड्यांचे ठसे बदलावे लागले. भोपाळात गादीवर आली ती पुन्हा मुलगीच.

अभिमान वाटावा असं हे आहे, पण पूर्ण सांगायचं तर सत्तावनमध्ये सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूनं उभी राहिली. सीहोरचे शिपाई तिच्याही विरोधात होते. ज्यांना गोळ्या घातल्या त्यांची बाजू आणि आपल्या लाडक्या बेगमेची बाजू एक नव्हती. प्रदर्शनाच्या फलकावर दोघांना शेजारी लावताना हे विसरून चालत नाही.

गुंडीकडे परत येऊ. राहिली पाठ. टॉर्च तिरपी धरल्यावर कडीभोवती गोल फिरणारी अक्षरं उमटली : ‘बटन्स लिमिटेड, बर्मिंगहॅम’. बर्मिंगहॅम म्हणजे गुंड्यांचं माहेरघर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गुंडी-कारखान्यांत बायका आणि लहान मुली मोठ्या संख्येनं राबत. जगभरच्या फौजांच्या छात्यांवर चमकणारं पितळ ठशाखाली दाबणारे हात असे घरगुती होते. बटन्स लिमिटेड ही कंपनी तिथल्या अनेक जुन्या कारखान्यांच्या एकत्रीकरणातून १९०७ मध्ये झाली. म्हणजे आमची गुंडी १९०७ च्या आधीची असूच शकत नाही. वरची हद्द मुकुटानं घालून दिली, १९५२. शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला मुंबईहून बोटीत बसली, हे लक्षात घेतलं तर गुंडी हिंदुस्थानात आली ती बहुधा त्याआधीच. थोडक्यात, सत्तावनच्या शिपायाच्या बलिदानानंतर निदान पन्नास वर्षांनी ही गुंडी जन्मली.

मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, “पण हातभर खोल सापडली ना? इतकी खोल म्हणजे जुनीच असणार.” शंका रास्त आहे. पण ही माळव्याची काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर पडलेली वस्तू भेगेतून खाली जाते, पाऊस आला की भेग मिटते. ही जमीन स्वतःच स्वतःला ढवळत राहते, तिथे खोलीवरून वय मोजता येत नाही. दुसरी म्हणाली, “पण सापडली तर सीहोरच्याच वाटेवर.” तेही खरं. पण शेतात सापडलेली वस्तू शेतातच हरवलेली असते असं नाही. फाटकं कापड उकिरड्यावर जातं, उकिरड्याचं खत गाडीनं शेतात पडतं, कापड कुजतं, गुंडी राहते.

मग ही आली कुठून? या रस्त्यानं महूची छावणी गाठता येते, तिथे ब्रिटिश पलटणी असत. दुसऱ्या महायुद्धात बैरागढला इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पकडलेले इटालियन इथे आणून ठेवले होते आणि त्यांच्यावर पहारे होते. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित कुटुंबांना जागा मिळाली. आज आपण साड्या घ्यायला ज्या बैरागढच्या बाजारात जातो, संत हिरदारामनगरात, त्याची सुरुवात ती. शिवाय युद्ध संपल्यावर लष्कराचं जादा सामान देशभर लिलावात निघालं. तंबू, घोंगड्या, कोट, सगळं बाजारात आलं.

हे आबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मुकुटाच्या कमानी मी त्यांना कागदावर मोठ्या काढून दाखवल्या. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्याकडे रात्री हरभऱ्याची राखण करायला एक म्हातारा असायचा. थंडीत त्याच्या अंगावर मिलिटरीचा कोट असायचा, घोट्यापर्यंत. बाजारातून जुना घेतलेला. पुढे पितळेची बटणं. एक-दोन तुटलेली होती, तिथे सुतळी बांधायचा.”

ही त्याच कोटाची गुंडी आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर सत्तावनच्या फलकात आणि माझ्यात फरक उरणार नाही, फक्त गोष्ट बदलेल. आपल्या घरांत ‘स्यात्’ लहानपणीच कानावर पडतं. एका बाजूनं पाहिलं तर असं आहे, दुसऱ्या बाजूनं तसं असेल. पण त्याचा अर्थ काहीही चालतं असा कधीच नव्हता. गुंडी पहारेकऱ्याची असेल, महूच्या गोऱ्या शिपायाची असेल, राखणदाराच्या कोटाची असेल. सत्तावनची मात्र नाही. काय नाही, हे ठामपणे सांगता येणं हीसुद्धा मोठी कमाई असते.

काहींना वाईट वाटलं. एकीनं स्पष्टच विचारलं, “एवढ्याशा गुंडीनं कुणाचं काय बिघडणार होतं?” माझ्या मते बिघडलं असतं. सीहोरचे शिपाई खरे होते, त्यांचं सरकार खरं होतं, त्यांचं मरण खरं होतं. त्यांच्या नावापुढे खोटी वस्तू मांडली आणि उद्या एखाद्या शाळकरी मुलानं भिंगातून मुकुट पाहून ती खोटी ठरवली, तर तो उरलेल्या फलकावर तरी का विश्वास ठेवेल? त्यांना आधीच फारसं कुणी आठवत नाही.

उठाव मोडल्यावर १८५९ मध्ये सीहोरलाच भोपाळ लेव्ही नावाची नवी पलटण उभी राहिली. पुढे तिचं नाव नववी भोपाळ इन्फंट्री झालं. १९१४ च्या ऑक्टोबरात ती पलटण फ्रान्समध्ये, नव शापेलच्या चिखलात लढत होती. तिथे आज एक गोल स्मारक आहे, १९२७ मध्ये उघडलेलं. ज्यांची थडगी नाहीत अशा सुमारे ४,७०० हिंदी सैनिकांची नावं त्यावर आहेत. त्यांच्यात भोपाळच्या या पलटणीचेही लोक आहेत. फाळणीत ती पलटण पाकिस्तानच्या वाट्याला गेली. तिच्याबद्दल आपल्या प्रदर्शनात एक ओळ नव्हती, ती आता घातली.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते, कारण भाच्याचं पाहून गल्लीतल्या आणखी दोन मुलांनी तसलं यंत्र मागवलं आहे. आपल्या किंवा परवानगी घेतलेल्या रानातच ते फिरवावं. सांचीसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात खणायला कायद्यानं बंदी आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. आमची गुंडी १९१० ची असेल तर एक नियम, १९४० ची असेल तर दुसरा. म्हणजे तारीख ठरवणं हा नुसता हौशीचा भाग नाही. आणि जिथे जे सापडलं ती जागा, खोली आणि दिवस त्याच वेळी वहीत लिहून ठेवावा. भाच्यानं तेवढं केलं होतं.

प्रदर्शनात गुंडी मांडली. सत्तावनच्या फलकापासून तीन टेबलं पलीकडे, बैरागढच्या छायाचित्रांजवळ. तिच्याखाली हा मजकूर होता : ‘ब्रिटिश फौजेतील साध्या शिपायाच्या नमुन्याची पितळी गुंडी. बर्मिंगहॅम येथे १९०७ ते १९५२ च्या दरम्यान बनवलेली. फंद्याजवळच्या शेतात सापडली. कुणी घातली होती ते गुंडी सांगत नाही.’ आबा चाकाच्या खुर्चीतून आले होते. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि भाच्याला म्हणाले, “खाली राखणदाराचंही लिही. पेन्सिलीनं लिही.”

भाच्यानं पेन्सिलीनं लिहिलं.